चार मीटर

मापसाहेबांना पहिली शिसारी आली ती भिंतीवरच्या चित्राची. चित्रात एक म्हातारा आणि एक म्हातारी हातात हात घालून बागेत पळत होती, आणि दोघांचे दात इतके पांढरे आणि इतके पुरते होते की ते कुणाकडून तरी मागून आणले असावेत. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वय हा फक्त आकडा!' मापसाहेबांनी चौतीस वर्षं आकड्यांचीच चाकरी केली होती. जो दुकानदार 'साहेब, आकड्याचं काय एवढं' म्हणतो त्याच्या पारड्याखाली हात घालून बघावा, तिथे हमखास मेणाचा गोळा सापडतो, हा त्यांचा अनुभव होता.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि मापसाहेब हे नाव त्यांना बाजारानं ठेवलं होतं. ते एका गल्लीत शिरले की पुढच्या गल्लीतले तराजू पुसले जायचे. कुणाच्या दुकानात त्यांनी चहाचा घोट घेतला नाही, कुणाच्या मुलाच्या लग्नात जेवले नाहीत. हाताखालचे लोक त्यांना मागून काय म्हणायचे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

आता ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि इस्पितळाच्या ज्येष्ठ विभागाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. उजवीकडे मुलगा होता, डावीकडे मुलगी. तीन महिन्यांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले होते. आतून कडी होती. दीड तास ओल्या फरशीवर पडून राहिल्यावर शेजाऱ्यांनी दार फोडलं, आणि चार अनोळखी माणसांनी त्यांना उघड्या अंगानं उचलून बाहेर आणलं. तेव्हापासून मुलगा एकच धोशा लावून बसला होता. बाबांनी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकट्यानं राहायचं नाही, वृद्धनिवासात जायचं. खोली त्यानं सांगूनही ठेवली होती. मुलगी म्हणत होती, बाबा घरातच राहतील, मी रोज येऊन जाईन.

मापसाहेब ते निवास बघून आले होते. तिथे टीव्ही बंद करायची सोय नव्हती. जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या गळ्यात रबरी लाळेरी बांधलेली होती, ज्यांना लागत नव्हती त्यांच्याही, कारण वेगळं कोण बघत बसणार. आणि एकाही बाथरूमला आतून कडी नव्हती. 'सुरक्षेसाठी,' असं व्यवस्थापक हसून म्हणाला होता. मापसाहेबांना त्याच्या हसण्याची किळस आली. शेवटचा दिवस येईपर्यंत माणसाला एक दार आतून लावता यावं, एवढीच त्यांची अपेक्षा उरली होती, आणि ती काही फार नव्हती.

महिनाभर भाऊ-बहिणीची जुंपली. शेवटी मापसाहेबच म्हणाले, "तुझं मत नको आणि हिचंही नको. इस्पितळात मोजमाप करतात म्हणे. ते होऊ द्या. मी धड निघालो तर मरेपर्यंत कुणी घराचा विषय काढायचा नाही. अशक्त निघालो तर निमूट पेटी भरीन." दोघांनी कबूल केलं. मापसाहेबांचा मोजमापावर विश्वास होता. त्याहूनही, खरं सांगायचं तर, आपण धड आहोत यावर होता.

तो विश्वास खुर्चीत बसल्या बसल्याच डळमळला. सकाळी मुलीनं कोट अंगावर चढवला तेव्हाच तो जड लागला होता, पण हल्ली त्यांना सगळंच जड लागे. आता तो खुर्चीच्या दांड्यावर आपटला आणि ठण्ण आवाज झाला. मापसाहेबांनी आतल्या खिशात हात घातला. बोटांना लोखंड लागलं, सहा कोनांचं. दुसऱ्या खिशातही तेच. एकेक किलोची वजनं होती, घरातल्या कपाटातली. खालचा शिशाचा शिक्का त्यांनी अंगठ्यानं चाचपला. शिक्का त्यांच्याच हातचा होता.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी चित्रातल्या म्हाताऱ्याकडे पाहत होती.

"हे काय?" ते हळूच म्हणाले.

"बाबा, गेल्या वर्षी तुमचं वजन एकसष्ट होतं," ती ओठ न हलवता पुटपुटली. "आता छप्पन्न आहे. वर्षात साडेचार किलोच्या वर उतरलं की ते लिहून घेतात. मी वाचलंय सगळं. तुम्ही काही बोलू नका."

आयुष्यभर ज्या चोरीच्या पाठीमागे ते उन्हातान्हात हिंडले, ती चोरी आता त्यांच्याच अंगावर, त्यांच्याच शिक्क्यानिशी बसली होती. त्यांना उठून ती वजनं कचऱ्याच्या डब्यात टाकावीत असं वाटलं. मग त्यांना त्या व्यवस्थापकाचं हसणं आठवलं, आणि त्यांनी कोटाची बटणं लावून घेतली.

"चला आजोबा!" आतून एक तरुणी आली. पांढरा कोट, हातात फळी, फळीवर कागद. चाचण्या घेण्याचं काम तिच्याकडे होतं. "आज आपल्याला गंमत करायचीय! छान छान चालायचं, हात दाबायचा, की झाली सुट्टी!"

मापसाहेबांनी आपल्या मागे कुणी चार वर्षांचं मूल उभं आहे का ते वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

आतली खोली लांबट होती. एका भिंतीला बाक, दुसऱ्या भिंतीला नवंकोरं लोखंडी कपाट, मध्ये टेबल. चाचणीवालीनं मुलीला खुर्ची दिली, मुलाला खुर्ची दिली, आणि मापसाहेबांच्या डोक्यावरून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आजोबांचं जेवण कसंय?"

"उत्तम," मुलगी म्हणाली.

"आजोबा रात्री लघवीला किती वेळा उठतात?"

"एकदाच."

मापसाहेब चार वेळा उठत. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते टेबलाशी उभे होते आणि त्यांच्या लघवीचा हिशोब इतर मंडळी करत होती. मुलगा मान खाली घालून बुटाची नाडी बघत होता. निदान त्याला लाज तरी वाटत होती.

"गेल्या आठवड्यात असं वाटलं का, की प्रत्येक गोष्ट करणं म्हणजे ओझं झालंय? कधीच नाही, कधीतरी, की बरेचदा?"

"कधीच नाही," मुलगी म्हणाली. "अहो, तुरुतुरु असतात."

तुरुतुरु! सकाळी शर्टाची बटणं लावून झाली की मापसाहेबांना पलंगाच्या कडेवर दहा मिनिटं बसावं लागे, आणि मग कधी कधी त्यांना आठवत नसे की शर्ट घातला तो कुठे जाण्यासाठी. चाचणीवालीनं कागदावर खूण केली.

मग वजन. "कोट असू दे आजोबा, गार आहे खोलीत," ती म्हणाली. मापसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. कपड्यांनिशी वजन! त्यांच्या हाताखालच्या शिपायानं असं केलं असतं तर त्याला त्यांनी आठवडाभर गोदामात मोजदाद करायला बसवलं असतं. काटा अठ्ठावन्नवर थांबला. "तीनच किलो कमी! काही नाही, ठीक आहे." मुलीनं सुस्कारा सोडला.

मग मुठीची ताकद मोजायचं यंत्र आलं. लोखंडी पकड आणि वर घड्याळासारखी तबकडी. मापसाहेबांची नजर सवयीनं आधी काट्यावर गेली. यंत्र रिकामं होतं, टेबलावर पडलेलं होतं, आणि काटा तीनवर उभा होता. 'काटा शून्यावर नाही.' हे तीन शब्द नोकरीत त्यांनी किती हजार वेळा उच्चारले असतील याला गणती नव्हती. ते आत्ताही घशाशी आले, आणि मापसाहेबांनी ते औषधाच्या कडू गोळीसारखे गिळले.

त्यांनी डोळे मिटून सगळा जीव मुठीत आणला.

"अठ्ठावीस! अहो, आजोबा तर पैलवान निघाले! सव्वीसच्या वर असलं की पास."

अठ्ठावीसातून तीन गेले की पंचवीस. मापसाहेबांना वजाबाकी येत होती.

शेवटी चालणं. फरशीवर दोन निळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. "या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. चार मीटर आहे. नेहमीच्या चालीनं चाला. पाच सेकंदांच्या आत पोचलात की झालं."

मापसाहेबांनी दुसऱ्या पट्टीकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. चौतीस वर्षं त्यांनी कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासल्या होत्या. दोन्ही टोकांनी घासून बोटभर आखूड केलेली पट्टी ते दुकानाच्या पायरीवरून ओळखत. हे अंतर चार मीटर नव्हतं. साडेतीनही नव्हतं. नव्या कपाटाच्या पायाशी जुन्या पट्टीचा डिंकाचा डाग अजून दिसत होता. कपाट आलं, पट्टीला जागा उरली नाही, म्हणून पट्टी अलीकडे सरकली, आणि कागदावरचे चार मीटर मात्र चारच राहिले. असलं ढिसाळ काम! आणि या कामावर माणसं घरी जायची की निवासात ते ठरत होतं.

ते चालले. डावा पाय ओढत होता, पण चालले. चाचणीवालीनं घड्याळ दाबलं.

"चार पॉइंट सात! पास! पास!" आणि तिनं टाळ्या वाजवल्या.

मुलीनं त्यांचा हात घट्ट दाबला. मुलानं छताकडे पाहिलं आणि खिशातला मोबाइल काढून परत ठेवला. मापसाहेबांना घर मिळालं होतं. दोन खोल्या, कडी असलेलं दार, सगळं. आनंद व्हायला हवा होता. त्यांना मात्र आपल्याच अंगाला काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटत होतं.

"डॉक्टरीणबाई सहीला येतीलच. तोवर बाकावर बसा," चाचणीवाली म्हणाली आणि दाराकडे वळून ओरडली, "पुढच्या आजी!"

पुढच्या आजी एकट्याच आल्या. ठेंगणी, रुंद हाडाची बाई, मनगटावर जुन्या भाजल्याचे डाग. चाचणीवालीनं विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं की तिनं पन्नास वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं, उभ्यानं. नवरा गेला, पोर नाही. ती जवळून गेली तशी मापसाहेबांच्या नाकात वास शिरला, शिळ्या घामाचा, न धुतलेल्या अंगाचा. त्यांनी तोंड फिरवलं.

"मला ती घरी येणारी बाई हवीय," इस्त्रीवाली म्हणाली. "तुमच्याकडून मिळते ना, रोज दोन तास? कंबर गेलीय, माझ्यानं बादली उचलवत नाही. चार-चार दिवस आंघोळ होत नाही. माझी मलाच घाण वाटते."

मापसाहेबांनी फिरवलेलं तोंड तसंच ठेवलं, पण आता लाजेनं.

"अशक्तांच्या यादीत बसलात तर मिळेल ना आजी. चला, बघू या!" चाचणीवालीनं मापसाहेबांना घेतल्या होत्या त्याच सगळ्या चाचण्या घेतल्या. इस्त्री दाबून दाबून घट्ट झालेली मूठ, तिनं यंत्र दाबलं तर काटा मापसाहेबांच्याही वर गेला. वजन उतरलेलं नव्हतं. थकव्याला ती म्हणाली, बरेचदा. घराबाहेर पडता का, तर नाही. ही दोन झाली. "पाचातल्या तीन गोष्टी लागतात," चाचणीवाली म्हणाली. "आता चालून दाखवा."

इस्त्रीवाली निळ्या पट्टीपासून निळ्या पट्टीपर्यंत चालली. लहान पावलांनी, पण नेटानं.

"चार पॉइंट एक! आजी, पाचाच्या आत! ठणठणीत आहात!"

"म्हणजे बाई नाही मिळणार?"

"नाही ना. पण आजी, ही तर आनंदाची गोष्ट आहे!" आणि तिनं पुन्हा टाळ्या वाजवल्या.

इस्त्रीवाली त्या पट्टीवर तशीच उभी राहिली. "मला खरंच उचलवत नाही गं बादली," ती म्हणाली, पण चाचणीवालीनं कागदावर लिहायला घेतलं होतं.

आखूड पट्टी कुणाला तरी लुबाडल्याशिवाय राहत नाही. दुकानदाराला एक बोट मिळतं ते गिऱ्हाइकाच्या सदऱ्यातून जातं. हे मापसाहेबांनी शेकडो शिकाऊ पोरांना शिकवलं होतं. आज मिळालेला अर्धा मीटर त्यांच्या घशात गेला होता, आणि जी लुबाडली गेली ती समोर उभी होती, चार दिवसांच्या घामासकट. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की बाकावर बसवेना.

"ही पट्टी चार मीटरवर नाही," ते म्हणाले.

"बाबा," मुलगी दबल्या आवाजात म्हणाली, "बाबा, नको."

मापसाहेब उठले. इतर माणसं जिथे पेन ठेवतात त्या खिशात त्यांची पोलादी मोजपट्टी असे. ते टेबलाला धरून फरशीवर एका गुडघ्यावर बसले, पट्टी ओढली आणि बोट ठेवलं. "तीन मीटर चाळीस. वाचा. मोठ्यानं वाचा."

चाचणीवालीचा चेहरा उतरला. "अहो, कपाट आलं ना साहेब. जागाच नव्हती. थोडं कमी-जास्त चालतं."

"थोडं!" मापसाहेब गरजले. तो आवाज त्यांनी वीस वर्षांत काढला नव्हता. "साठ सेंटिमीटर म्हणजे थोडं? किती दिवस झाले कपाट येऊन?"

"दोन महिने."

"दोन महिने! किती माणसं चालली यावरून?"

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या, चाळिशीच्या, डोळ्यांखाली झोप साचलेली. त्यांनी फरशीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मोजपट्टीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला जो डॉक्टरांनी रुग्णांसमोर काढू नये. तेवढ्यापुरत्या त्या मापसाहेबांना आवडल्या.

"बाहेरच्या व्हरांड्यात मोजू," त्या म्हणाल्या. "दोघांचंही परत."

"माझं सगळंच परत," मापसाहेब म्हणाले. ते टेबलाला धरून उठले, कोटाची बटणं काढली, आणि दोन्ही वजनं टेबलावर ठेवली. धाडकन आवाज झाला. "ही दोन किलो वजा करा. बरोबर दोन किलो आहेत. शिक्का माझाच आहे. आणि ते यंत्र रिकामं असताना तीन दाखवतं, त्यातूनही तीन वजा करा. आणि थकव्याच्या रकान्यात लिहा, बरेचदा. रोजच म्हणा."

मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मुलगा त्या वजनांकडे बघत राहिला, मग बहिणीकडे, मग पुन्हा वजनांकडे.

"तू हे केलंस?" तो म्हणाला.

"हो केलं!" ती म्हणाली. "तू निवासात खोली सांगितलीस, बाबांचं घर सुटू नये म्हणून मी हे केलं!"

व्हरांड्यात मापसाहेबांनी स्वतः चार मीटर मोजून दोन टोकांना पट्ट्या चिकटवल्या. कुणालाही हात लावू दिला नाही. खाली बसताना आणि उठताना त्यांचा श्वास फुलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा थांबू या. ते म्हणाले, नको. इस्त्रीवाली भिंतीशी खुर्चीत बसून सगळं बघत होती.

मापसाहेब चालले. या वेळी कोट नव्हता. पाठीमागे शर्ट पोकळ लोंबत होता. तिसऱ्या मीटरनंतर डाव्या पायाची टाच उचलेना, ती फरशीवरून फरफटत आली. मध्ये एकदा त्यांनी भिंतीच्या दिशेनं हात केला आणि भिंतीला न लावताच मागे घेतला.

"सहा पॉइंट एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग इस्त्रीवाली चालली. सहा सेकंद. मापसाहेबांनी घड्याळात स्वतः वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "यांना बाई द्या," ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे कागदावर लिहिलं.

मापसाहेबांचे पाचातले चार निघाले. डॉक्टरीणबाई थेट त्यांच्याशी बोलल्या, आजोबा न म्हणता. "हे पाहा, दुर्बलता म्हणजे शिक्षा नाही. शरीराची शिल्लक कमी झालीय, एवढाच अर्थ. एक साधा ताप आला, एकदा पडलात, की इतरांपेक्षा तुम्ही जास्त खाली जाल. पण पायांचा व्यायाम केला, नीट खाल्लं, तर यातलं काही भरून येतं. तीन महिन्यांनी परत मोजू."

"तोवर बाबा निवासात राहतील," मुलगा म्हणाला. "ठरलं होतं तसं."

"ठरलं होतं," मापसाहेब म्हणाले.

मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे ओले होते. "बाबा, मला तुमचा खरंच अभिमान वाटतो."

ज्याला खोली मिळाली त्याला अभिमान न वाटायला काय झालं! मापसाहेबांनी खांदा सोडवून घेतला. त्या ओल्या डोळ्यांची त्यांना जितकी शिसारी आली तितकी दिवसभरात कशाचीच आली नव्हती, आणि तो आपलाच मुलगा आहे, मनापासून बोलतोय, हे कळत असूनही ती आली.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती वजनं पिशवीत भरत होती. "तुमच्यासाठी मी चोरी केली," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिचा पंचनामा केलात. माझ्यासमोर. याच्यासमोर."

मुलं कागद घ्यायला आत गेली आणि मापसाहेब बाहेर येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत इस्त्रीवाली येऊन बसली. वास आलाच. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. तेवढी शिक्षा त्यांनी स्वतःला दिली.

"साहेब, देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. "सोमवारपासून बाई येतेय."

"माझे आभार मानू नका," मापसाहेब म्हणाले. "माझ्या वेळेलाच मला दिसलं होतं, पट्टी आखूड आहे. मी गप्प बसलो."

"ते कळलं मला. दार उघडं होतं. पट्टीकडे बघून तुमचं तोंड कसं झालं ते मी बाहेरून पाहिलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "घराचं काय झालं तुमच्या? आत भांडत होती पोरं."

"गेलं."

"अरेरे." ती मनगटावरचे भाजल्याचे डाग चोळू लागली. "पण बोललात ते बरं केलंत. कमीत कमी तुमचं तरी खरं माप निघालं."

"दोघांचंही निघालं," मापसाहेब जरा ताठ होत म्हणाले. गेल्या तासाभरात त्यांच्याजवळ धरून राहावं असं तेवढंच उरलं होतं.

इस्त्रीवालीनं इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "तुमच्यापासून काय लपवायचं साहेब. चार मीटर मी पाच सेकंदांत सहज गेले असते हो. पाय चांगलेत माझे, उभ्यानं कमावलेले. नुसती बादली उचलवत नाही, पण बादलीला त्या कागदावर कुठे जागा होती? तेव्हा म्हटलं, साहेबांनी घर घातलंय यात, ते वाया जायला नको. दुसऱ्यांदा मी मुद्दाम हळू चालले."

मापसाहेबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आतमध्ये आत्ता कागद तयार होत होता, त्यांनी स्वतः वाकून पाहिलेल्या घड्याळाचा आकडा त्यावर होता, आणि तो खोटा होता. ते खुर्चीचे दोन्ही हात धरून उठू लागले. अर्ध्यावर उठले.

"सांगताय?" इस्त्रीवाली म्हणाली. "सांगा. मी नाही म्हणणार नाही."

मापसाहेब तसेच वाकलेले उभे राहिले. विचारायचं नव्हतं तरी सवयीनं विचारलं गेलं. "आणि बरोबर सहाच सेकंद कसे आले? कुणाला संशय येणार नाही इतकंच हळू चालायचं, हे कसं जमलं?"

"त्यात काय जमायचंय," ती म्हणाली. "तुम्ही आधी चाललात ना. तुमचं नीट बघून ठेवलं होतं. टाच कशी ओढायची, मध्येच भिंतीकडे हात कसा करायचा. तस्संच चालले."

मापसाहेब परत खाली बसले.